जिथं स्पर्श कळत नाही, तिथली आग

पुनर्वसन विभागातली ही तपासणी तशी साधी असते. डॉक्टर कापसाचा बोळा पिळून त्याला टोक काढतात, एक सेफ्टी पिन हातात घेतात आणि पेशंटला डोळे मिटायला सांगतात. पिन आधी गालावर टेकवली जाते. गालाची संवेदना शाबूत असते, तेव्हा पुढचं सगळं तिथल्या टोचण्याशी ताडून पाहायचं असतं. मग खांदा, दंड, छाती, बेंबी, मांडी, गुडघा, पाऊल असं एकेक ठिकाण. टोचतंय का, की नुसतं टेकल्यासारखं वाटतंय? बेंबीच्या खाली उत्तर बदलत नाही. "काही नाही." "काही नाही." पिन तळपायाला लागली तरी चेहऱ्यावरची रेष हलत नाही. तपासणी आटोपून डॉक्टर फाइल मिटायला लागतात, तेव्हा तोच माणूस विचारतो, "डॉक्टर, मग या पायांची रात्रभर आग का होते?"

अपघातात मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाच्या घरात हा प्रश्न कधी ना कधी येतोच. संवेदना मेंदूपर्यंत नेणारी वाट तुटली असेल तर वेदना तरी वर कशी पोचेल, हे कोणालाच उमगत नाही. त्यामुळे मग "मनाचे खेळ आहेत", "लक्ष देऊ नका म्हणजे जाईल", "संवेदना परत येतेय, चांगलं लक्षण आहे" अशी उत्तरं दिली जातात. यातलं शेवटचं उत्तर सगळ्यांत क्रूर आहे, कारण त्या आशेवर माणूस महिनोन् महिने दुखणं सोसत राहतो. खरं म्हणजे ही वेदना मनाचा खेळ नाही आणि पाय हलू लागणार असल्याची खूणही नाही. संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जासंस्थेलाच इजा झाल्यामुळे उपजणारं हे वेगळ्या जातीचं दुखणं आहे. त्याचं वैद्यकीय नाव न्यूरोपॅथिक पेन, म्हणजेच मज्जातंतुजन्य वेदना. रोजच्या बोलण्यातलं नसांचं दुखणं.

पेशंट त्याचं वर्णन करतात ते शब्द ठरलेले असतात. निखाऱ्यावर पाय ठेवल्यासारखी आग. करंट लागल्यासारखी चमक. हजार सुया टोचल्यासारख्या मुंग्या. छातीभोवती किंवा पोटाभोवती कोणीतरी पट्टा आवळतंय असं वाटणं. बर्फात पाय बुडवल्यासारखा गारठा, आणि तोही भाजणारा. काहींना इजेच्या बरोबर वरच्या पट्ट्यात कपड्याचा नुसता स्पर्श सहन होत नाही. पंख्याचा वारा लागला तरी कळ उठते. ज्या स्पर्शानं दुखायला नको त्यानं दुखणं, याला वैद्यकात अॅलोडिनिया म्हणतात.

या दुखण्याकडे इतकी वर्षं दुर्लक्ष का झालं, याचं एक सरळ कारण आहे: हे पेशंट जगतच नव्हते. इजिप्तमधल्या एडविन स्मिथ पपायरसमध्ये, म्हणजे इसवी सनापूर्वी सुमारे १६०० साली लिहिलेल्या शस्त्रक्रियेच्या गुंडाळीत, मानेचा मणका सरकून हातपाय लुळे पडलेल्या माणसाचं अचूक वर्णन आहे आणि त्यापुढे शेरा आहे की या दुखण्यावर उपचार करू नयेत. पहिल्या महायुद्धापर्यंत परिस्थिती फारशी बदलली नव्हती. मणक्यात गोळी लागलेले बहुतेक सैनिक लघवीच्या जंतुसंसर्गानं आणि बेडसोअरनं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जात. ही स्थिती बदलली लुडविग गुटमन यांनी. नाझी राजवटीतून निसटून १९३९मध्ये इंग्लंडला आलेल्या या ज्यू न्यूरोसर्जननं १ फेब्रुवारी १९४४ला स्टोक मँडेव्हिल इथं मज्जारज्जूच्या जखमींसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला. पेशंटला दर काही तासांनी कुशीवर वळवणं, मूत्राशयाची काळजी, व्यायाम आणि काम यांवर त्यांचा कटाक्ष होता. पुढे १९४८मध्ये त्यांनी तिथंच खेळांच्या स्पर्धा भरवल्या आणि त्यांतून पॅरालिम्पिक जन्माला आलं.

माणसं जगू लागली, तेव्हा कळलं की त्यांना दुखतं.

तरीही लोकांच्या डोळ्यांसमोर राहिलं ते चाकाच्या खुर्चीतलं कर्तृत्व. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२च्या हायडलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात ३७.३३ सेकंदांची वेळ देऊन भारताला पहिलं वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून दिलं. एव्हरेस्टवर मे १९६५मध्ये पोचलेले मेजर हरिपाल सिंग अहलुवालिया त्याच वर्षीच्या युद्धात गोळी लागून खुर्चीला खिळले आणि पुढे दिल्लीत त्यांनी इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर उभं केलं. अशा माणसांवर सिनेमे निघतात, पुरस्कार मिळतात, आणि ते रास्तच आहे. पण त्यामुळे लोकांची अशी समजूत होते की या इजेत गमावण्यासारखी गोष्ट एकच, चालणं. खुर्चीत बसलेला माणूस शांत दिसतो, तेव्हा त्याला दुखत असेल हे समोरच्याच्या मनातही येत नाही.

दुखणं किती जणांना होतं? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात १ कोटी ५० लाखांहून जास्त माणसं मज्जारज्जूची इजा घेऊन जगत आहेत. या माणसांमधल्या मज्जातंतुजन्य वेदनेबद्दल झालेल्या १७ अभ्यासांचा एकत्रित हिशेब २०१७मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हे प्रमाण ५३ टक्के निघालं. ऑस्ट्रेलियातल्या फिलिप सिडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याआधी एक मोलाचं काम केलं होतं. त्यांनी पेशंटच्या एकाच गटाचा इजेपासून पुढे पाच वर्षं मागोवा घेतला. २००३मध्ये छापलेल्या त्या अहवालात पाच वर्षांनंतर ८१ टक्के लोकांना कोणतं ना कोणतं दुखणं होतं आणि निम्म्याहून अधिक जण आपलं दुखणं तीव्र किंवा असह्य असल्याचं सांगत होते. म्हणजे काळ हे यावरचं औषध नाही. उलट इजेच्या खालच्या भागातली वेदना बऱ्याचदा उशिरा, काही महिन्यांनी किंवा वर्षांनी सुरू होते आणि एकदा आली की सहसा मुक्काम हलवत नाही.

इथं एक भेद नीट समजून घ्यायला हवा, कारण उपचारांचं सगळं गणित त्यावर बसतं. मज्जारज्जूच्या पेशंटला होणारं प्रत्येक दुखणं नसांचं नसतं. २०१२मध्ये या विषयातल्या तज्ज्ञांनी मिळून एक आंतरराष्ट्रीय वर्गीकरण तयार केलं. त्यात एका बाजूला आहे हाडामांसाचं आणि पोटातल्या अवयवांचं दुखणं. दिवसभर हातांनी खुर्ची ढकलून आणि हातांवर भार देऊन खुर्चीतून पलंगावर सरकून खांद्याचे स्नायू झिजतात. खांदे दुखणारे पेशंट मोजायला बसलं तर ते नसांच्या पेशंटपेक्षा कमी भरत नाहीत. सिडल यांच्या गटात असं स्नायू-हाडांचं दुखणं ५९ टक्क्यांना होतं. दुसऱ्या बाजूला मज्जातंतुजन्य वेदना, आणि तिचे पुन्हा दोन मुख्य प्रकार. एक इजेच्या पातळीवरची: जिथं मज्जारज्जू दुखावला त्याच पट्ट्यात, अंगाभोवती पट्ट्यासारखी जाणवणारी, साधारणपणे लवकर सुरू होणारी. दुसरी इजेच्या खालची: पाय, नितंब, गुदद्वाराच्या आसपास, दोन्ही बाजूंना पसरलेली, हळूहळू वाढत जाणारी. पहिलीत मज्जारज्जूबरोबर तिथून बाहेर पडणाऱ्या नसांची मुळंही दुखावलेली असू शकतात. दुसरी मात्र पूर्णपणे मज्जारज्जूची आणि मेंदूची.

एकाच माणसाला ही तिन्ही दुखणी एकाच वेळी असू शकतात. खांदा ठणकतोय, छातीभोवती पट्टा आवळतोय आणि तळपाय जळताहेत. अशा माणसानं "अंग दुखतं" म्हटलं आणि समोरच्यानं वेदनाशामक लिहून दिलं, तर खांद्याला थोडा आराम पडेल, पाय तसेच जळत राहतील. म्हणून जाणकार डॉक्टर आधी कागदावर माणसाची आकृती काढून देतात आणि कुठं, कसं, केव्हा दुखतं ते रंगवायला सांगतात. फ्रान्समध्ये २००५ साली तयार झालेली डीएन-४ नावाची प्रश्नावली तर दहा मुद्द्यांत काम भागवते. आग, भाजणारा गारठा, विजेसारखी चमक, मुंग्या, सुया, बधिरपणा, खाज असे काही प्रश्न, बाकी थोडी हाताने तपासणी. दहापैकी चार किंवा अधिक उत्तरं "हो" आली की नसांच्या दुखण्याचा संशय पक्का धरायचा. गर्दीच्या ओपीडीतही याला पाच मिनिटं पुरतात.

आता मूळ कोड्याकडे. वाट तुटली तर वेदना येते कुठून?

वेदनेची आणि उष्ण-थंडाची खबर मज्जारज्जूतून वर नेणारा एक ठराविक मार्ग आहे, स्पायनोथॅलॅमिक. इजेच्या खालची वेदना ज्यांना होते त्यांच्यात हा मार्ग बहुतेक वेळा जायबंदी झालेला आढळतो. पण गंमत अशी की ज्यांना वेदना नाही अशा पेशंटमध्येही तो तितकाच जायबंदी असू शकतो. म्हणजे नुसती वाट तुटणं पुरेसं नाही, त्यानंतर उरलेल्या पेशी काय करतात यावर सगळं ठरतं. खालून येणारी खबर बंद झाल्यावर इजेच्या वर राहिलेल्या चेतापेशी शांत बसत नाहीत. त्या अतिसंवेदनशील होतात आणि कोणी न विचारता आपोआप संदेश पाठवू लागतात. येल विद्यापीठात स्टीफन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेनं उंदरांवर दाखवून दिलं की मज्जारज्जूला मार लागल्यावर या पेशींमध्ये सोडियमची एक विशिष्ट वाहिनी, जी प्रौढ वयात जवळजवळ नसतेच, ती पुन्हा तयार होऊ लागते आणि पेशी सहज भडकतात. एरवी या पेशींना लगाम घालणारी गाबा नावाच्या रसायनाची यंत्रणा त्याच वेळी ढिली पडते. जखमेभोवती जमलेल्या मायक्रोग्लिया नावाच्या पेशी दाहाची रसायनं सोडत राहतात.

आणि हे सगळं फक्त मज्जारज्जूत घडतं असंही नाही. १९७८मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि जॉन लोझर यांनी अशा पॅराप्लेजिक, म्हणजे शरीराचा खालचा भाग लुळा पडलेल्या पेशंटची उदाहरणं मांडली ज्यांचा मज्जारज्जू पुरता तुटलेला होता. काहींच्या बाबतीत तर वेदना थांबावी म्हणून इजेच्या जागेचा मज्जारज्जूचा तुकडाच शस्त्रक्रियेनं काढून टाकला होता, तरी पायांतली आग परतली. दोघांनी तिला अदृश्य शरीराची वेदना म्हटलं. पाय कापलेल्या माणसाला नसलेला पाय दुखतो, तसं इथं असलेलं पण मेंदूपासून तुटलेलं निम्मं शरीर दुखतं. वेदनेचा साचा मेंदूतच तयार होऊ शकतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे मेंदूची छायाचित्रं घेण्याचं तंत्र आलं आणि त्याला दुजोरा मिळाला. २००९मध्ये सिडनीच्या संशोधकांनी दाखवलं की इजेनंतर मेंदूतल्या संवेदनेच्या नकाशात हाताचा भाग पायाच्या जागेकडे सरकतो, आणि हा बदल जितका मोठा तितकी वेदना तीव्र. "मनाचे खेळ" म्हणणाऱ्यांनी हे चित्र एकदा पाहावं. मेंदूत घडतं म्हणून ते खोटं ठरत नाही.

औषधांचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं मज्जारज्जूच्या इजेतल्या मज्जातंतुजन्य वेदनेसाठी पहिलं औषध मंजूर केलं ते जून २०१२मध्ये: प्रीगाबालिन. मूळची ही फिट्सच्या औषधांच्या घराण्यातली गोळी. ती चेतापेशींवरच्या कॅल्शियम वाहिनीच्या एका भागाला चिकटते आणि अति भडकलेल्या पेशींचं संदेश सोडणं कमी करते. तिची पहिली मोठी कसोटी पुन्हा सिडल यांनीच घेतली होती, २००६मध्ये, १३७ पेशंटवर, १२ आठवडे. शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर खरी गोळी घेणाऱ्यांची वेदना शेवटी सरासरी ४.६२ होती, खोटी गोळी घेणाऱ्यांची ६.२७. हा फरक खरा आहे आणि औषध काम करतं हे त्यावरून सिद्ध होतं. पण साडेचार म्हणजे शून्य नव्हे. गोळी सुरू केल्यावर आठ दिवसांत सगळं थांबेल अशी अपेक्षा ठेवणारा पेशंट निराश होतो आणि गोळी सोडून देतो. म्हणून डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगायला हवं: दुखणं तिसऱ्या हिश्श्यानं कमी झालं, रात्री सलग चार तास झोप लागली, तर औषध यशस्वी झालं असं धरायचं.

कॅनडातल्या तज्ज्ञांनी २०१६मध्ये यासाठी सविस्तर मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि पुढे ती सुधारली. त्यांत पहिल्या रांगेत प्रीगाबालिन, गॅबापेन्टिन आणि अमिट्रिप्टिलिन आहेत. अमिट्रिप्टिलिन ही तर नैराश्यावरची जुनी, स्वस्त गोळी. तिच्याबद्दलचे पुरावे मात्र उलटसुलट आहेत. २००२च्या एका चाचणीत ती खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही. २००७मध्ये अमेरिकेत झालेल्या एका छोट्या चाचणीत ती गॅबापेन्टिनपेक्षा सरस ठरली, विशेषतः ज्यांना नैराश्यही होतं त्यांच्यात. लॅमोट्रिजिन हे औषध सगळ्यांना उपयोगी पडलं नाही, पण ज्यांची इजा अपुरी होती, म्हणजे खाली थोडी संवेदना उरली होती, त्यांना त्यानं आराम दिला. एकच औषध एकाला लागू पडतं आणि दुसऱ्याला नाही, हा या क्षेत्रातला रोजचा अनुभव आहे.

या गोळ्यांचे त्रासही आहेत. सुस्ती, गरगरणं, पायांवर सूज, वजन वाढणं, तोंडाला कोरड. अमिट्रिप्टिलिननं बद्धकोष्ठ वाढतं आणि लघवी अडते. ज्या माणसाचं मूत्राशय आणि आतडं आधीच हट्टी झालंय, त्याला हे जड जातं. गॅबापेन्टिन आणि प्रीगाबालिन मूत्रपिंडातून बाहेर पडतात. या पेशंटची मूत्रपिंडं अनेक वर्षांच्या जंतुसंसर्गानं दुबळी झालेली असू शकतात, म्हणून मात्रा ठरवताना रक्तातलं क्रिएटिनिन पाहावं लागतं. आणि या गोळ्या एकदम बंद करायच्या नसतात, हळूहळू कमी करायच्या असतात. गावाकडे औषधाची पट्टी संपली आणि दुकानात मिळाली नाही, की नेमकं हेच घडतं.

डायक्लोफेनॅक, ब्रुफेन यांसारख्या नेहमीच्या वेदनाशामकांचा या आगीवर उपयोग होत नाही, हे ठामपणे सांगायला हवं. ती खांद्याला उपयोगी, पायांच्या आगीला नाही. तरी आपल्याकडे मेडिकलच्या दुकानातून ती पोतडीनं घेतली जातात, आणि त्यांचा भार पुन्हा मूत्रपिंडावरच पडतो. ट्रॅमाडॉलचा थोडा उपयोग होतो, पण सवय लागण्याचा धोका असतो. भारतात एप्रिल २०१८पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं आहे, त्यामुळे ते आता चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आणि मिळूही नये.

शस्त्रक्रियेबद्दल थोडक्यात. मज्जारज्जूत जिथं संवेदनेच्या नसांची मुळं शिरतात ती जागा जाळून टाकण्याची पद्धत सत्तरच्या दशकात फ्रान्समध्ये मार्क सिंदू आणि अमेरिकेत ब्लेन नॅशोल्ड यांनी रुळवली. इजेच्या पातळीवरच्या वेदनेला ती काही निवडक पेशंटमध्ये चांगली लागू पडते, खालच्या आगीला फारशी नाही. मज्जारज्जूवर तार बसवून विद्युत स्पंदनं देण्याचं तंत्र इतर नसांच्या दुखण्यांत नावाजलेलं आहे, पण जिथं मज्जारज्जू पूर्ण तुटला आहे तिथं उत्तेजित करायला वाटच शिल्लक नसते. लाखांच्या घरातला खर्च करण्याआधी हे पेशंटला स्पष्ट सांगितलं गेलं पाहिजे.

वेदना मेंदूत तयार होत असेल तर मेंदूशीच बोलून पाहावं, या विचारातून झालेले प्रयोग मात्र खरोखर लक्ष वेधून घेतात. २००७मध्ये लोरिमर मोझली यांनी पाच पॅराप्लेजिक पेशंटवर एक प्रयोग केला. पेशंटला खुर्चीत बसवायचं, समोर आरसा असा लावायचा की त्यात फक्त कमरेवरचं शरीर दिसेल, आणि त्याच्या खाली पडद्यावर दुसऱ्या कोणाच्या तरी चालणाऱ्या पायांची चित्रफीत जुळवून दाखवायची. पेशंट हात हलवतो, आरशात त्याचं धड हलतं, खाली पाय चालतात. डोळ्यांना तो स्वतः चालताना दिसतो. अशा चालण्यानंतर त्यांची वेदना घटली आणि अर्धा तासभर तो आराम टिकला. २०१०मध्ये बार्सिलोनाच्या संशोधकांनी ३९ पेशंटमध्ये हाच दृष्टिभ्रम आणि कवटीवरून दिलेला अगदी सौम्य विद्युतप्रवाह एकत्र वापरला. दोन्ही मिळून मिळालेला फायदा एकेकट्यापेक्षा जास्त होता.

पण याला दुसरी बाजू आहे. सिडनीच्याच संशोधकांनी पेशंटना लुळं पाऊल हलवण्याची नुसती मनातल्या मनात कल्पना करायला सांगितली, तेव्हा बहुतेकांची वेदना वाढली. म्हणजे आरशासमोर दिसणारं चालणं आणि मनातलं चालणं यांत मेंदू फरक करतो. युट्यूबवर पाहून घरी "पायांना मनानं आज्ञा द्या" असले प्रयोग करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं. समुपदेशन आणि वर्तनोपचार वेदनेचा आकडा फार खाली आणत नाहीत, पण नैराश्य, झोप आणि दिवसभराचा वावर यांत फरक पडतो. ज्या घरात कमावता माणूसच खाटेला खिळला आहे तिथं हा फरक लहान नाही.

दुखणं एका पातळीवर स्थिर असताना अचानक भडकलं, तर आधी शरीराकडे पाहावं. संवेदना नसलेल्या शरीराला आपली तक्रार नेमकी सांगता येत नाही, ते सगळ्या तक्रारी याच आगीच्या भाषेत सांगतं. लघवीचा जंतुसंसर्ग, तुंबलेलं मूत्राशय, चार दिवसांचं बद्धकोष्ठ, नितंबावर न दिसलेला बेडसोअर, पायाच्या बोटात घुसलेलं नख, यांपैकी काहीही असू शकतं. छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत इजा असेल तर असंच एखादं कारण रक्तदाब एकाएकी धोकादायक पातळीवर नेऊ शकतं. डोकं फुटेल असं दुखतं, कपाळावर घाम फुटतो, चेहरा लाल होतो. तेव्हा माणसाला ताबडतोब बसतं करून, घट्ट कपडे सैल करून, लघवीची नळी दुमडली आहे का ते पाहायचं आणि दवाखाना गाठायचा. घरातल्या प्रत्येकाला हे ठाऊक असायला हवं.

आणखी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण ती चुकते. इजेनंतर कित्येक वर्षांनी नवीन दुखणं सुरू झालं, संवेदना किंवा ताकद जाण्याची पातळी आणखी वर सरकू लागली, हातांत उष्ण-थंड कळेनासं झालं, खोकताना कळ वाढू लागली, तर ते जुनं दुखणं समजून सोडून देऊ नये. मज्जारज्जूत पाण्याची पोकळी तयार होऊन ती वर पसरत असू शकते, तिला सिरिंगोमायलिया म्हणतात. एमआरआयवर ती दिसते आणि तिच्यावर उपचार करता येतात. मात्र त्यासाठी पेशंटनं तक्रार करायला हवी आणि डॉक्टरनं ती ऐकायला हवी.

भारतातल्या रुग्णालयांचे अहवाल पाहिले तर उंचावरून पडणं हे मज्जारज्जूच्या इजेचं प्रमुख कारण म्हणून पुन्हा पुन्हा येतं, जोडीला रस्त्यावरचे अपघात. गोव्यातला माडावर चढणारा पाडेली, पावसाच्या तोंडावर कौलं चाळायला चढलेला घरधनी, बांधकामाच्या परांचीवरचा मजूर, कठडा नसलेल्या विहिरीत पडलेली बाई. बहुतेक तरुण, बहुतेक कमावते. मणक्याचं ऑपरेशन जिल्ह्याच्या गावी होतं. मग पेशंट घरी येतो आणि पुनर्वसन मध्येच तुटतं. पुण्यात खडकीचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर १९७४पासून जखमी जवानांसाठी आहे. मुंबईत हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५पासून आहे. केतना मेहता यांनी स्वतःच्या अपघातानंतर उभी केलेली नीना फाउंडेशन या पेशंटसाठी काम करते. पण चंदगड किंवा शहाद्याच्या माणसाला दर महिन्याला गाडी करून मुंबई गाठणं परवडत नाही. त्याच्यासाठी तालुक्याच्या ठिकाणचा डॉक्टर हाच तज्ज्ञ असतो. मधुमेहाच्या पेशंटच्या पायांची आग होते तेव्हा हाच डॉक्टर न चुकता प्रीगाबालिन लिहितो, आणि मणक्याच्या पेशंटची तीच तक्रार ब्रुफेनवर थांबते. गोळ्या तालुक्यात मिळतात, निदान मिळत नाही. आशा सेविका आणि फिजिओथेरपिस्ट यांना डीएन-४ची ती दहा मुद्द्यांची प्रश्नावली मराठीत हाती दिली, तर हे अंतर बरंच कमी होईल. त्याला यंत्र लागत नाही, निधीही फारसा लागत नाही.

वेदना सुरू होण्याआधीच ती रोखता येईल का, हा आजच्या संशोधनातला सगळ्यांत आशेचा प्रश्न आहे. इजेनंतर लगेच कार्बामाझेपिन सुरू करून एक चाचणी झाली, २०१२मध्ये तिचे निकाल आले. पहिल्या महिन्यात गोळी घेणाऱ्यांना कमी दुखलं, पण सहा महिन्यांनी दोन्ही गट सारखेच होते. यातून एक शहाणपण आलं: सरसकट सगळ्यांना औषध देण्यापेक्षा वेदना कोणाला होणार हे आधी ओळखलं पाहिजे. डेन्मार्कमध्ये नाना फिनरप आणि इतर संशोधकांनी पेशंटना पहिल्या आठवड्यांपासून तपासलं. इजेच्या पट्ट्यात किंवा त्याच्या खाली ज्यांना स्पर्शाची, टोचण्याची किंवा गारव्याची वाजवीपेक्षा जास्त जाणीव सुरुवातीलाच होत होती, त्यांच्यात पुढे खालची वेदना सुरू होण्याची शक्यता अधिक दिसली. नव्या चाचण्या आता याच गटाकडे वळायला हव्यात, आणि वॉर्डातल्या नर्सनं "हात लावला तर झोंबतं का?" असं विचारून त्याची केसपेपरवर नोंद ठेवायला आजही कोणाची परवानगी लागत नाही.